लातूरची गाडी गेली

मला एक सांगा, तुमच्या घरात एकाच विनोदाला रोज नव्यानं हसणारं माणूस आहे का?

नसेल तर एकदा आमच्याकडे या. नांदेडहून विष्णुपुरीकडे जाताना रस्त्यापासून जरा आत एक पिवळं घर आहे. विसरायला लागलेली म्हातारी माणसं तिथं सकाळी येतात, दिवसभर राहतात, संध्याकाळी आपापल्या घरी जातात. मॅडम फिजिओथेरपिस्ट आहेत, त्यांनी हे सुरू केलं. त्यांच्या मदतीला मी. सगळे मला ताई म्हणतात. मी कोण हे ज्यांना आठवत नाही तेसुद्धा ताईच म्हणतात, त्यामुळे कुणाचं काही अडत नाही.

किस्से आमच्याकडे जमवावे लागत नाहीत. दिवसभर चहा केला की गाळणीत चोथा साठतो, तसे ते संध्याकाळपर्यंत साठलेलेच असतात. फरक एवढाच, की ज्यांचे किस्से त्यांना ते दुसऱ्या दिवशी आठवत नाहीत. मग कुणीतरी आठवणीत ठेवायला नको का? म्हणून सांगते.

*

कंडक्टरकाकांपासून सुरुवात करू. ते एसटीत कंडक्टर होते. उभी नोकरी देगलूरहून बिदरला जाणाऱ्या गाडीवर. आता त्यांना मुलांची नावं आठवत नाहीत, जेवलो की नाही ते आठवत नाही. पण सकाळी आले की बरोबर दाराजवळच्या खुर्चीत बसतात. ती कंडक्टरची सीट. दुसरं कुणी बसलं तर शांतपणे सांगतात, "पाव्हणं, मागं लई जागा हाय."

मॅडमनी पहिल्या दिवशी सगळ्यांना व्यायामाला उभं राहायला सांगितलं. एकही माणूस हललं नाही. मॅडम पुढे उभ्या राहून हात वर करून दाखवत होत्या. काका म्हणाले, "बाई, खाली बसा. गाडी चालू हाय."

मॅडम बसल्या. काय करतील?

पण त्या हुशार. दुसऱ्या दिवशी त्यांनी काकांच्या कानात काहीतरी सांगितलं. काकांनी खिडकीच्या गजावर किल्ली मारली, टण. "देगलूर आलं, देगलूरवाले उतरा." सगळे उभे! मग टण टण, आणि सगळे खाली. तेव्हापासून आमचा व्यायाम देगलूर ते बिदर असा होतो. ज्या दिवशी बऱ्याच जणांचे गुडघे धरलेले असतात, त्या दिवशी मॅडम म्हणतात, "काका, आज एक्स्प्रेस करा."

काकांचा दुसरा उपयोग दुपारचा. ऊन कललं की आमच्या माणसांना घर आठवतं. कुणी पिशवी उचलतं, कुणी चपला शोधतं. आम्ही "थांबा" म्हटलं तर भांडण होतं. काका नुसतं म्हणतात, "तुमची गाडी गेली. आता पाचची." माणूस परत येऊन गुमान बसतं. आपल्या भागातल्या माणसाला कुणाचं ऐकायची सवय नसली तरी गाडी गेल्याची आहे.

*

भोकरचे तात्या आमच्याकडचे सगळ्यांत कामसू. शेती मुलगा बघतो, तात्या नांदेडला मुलीकडे असतात. केंद्रातली लाईट गेली की तात्या निवांत. लाईट आली, पंखा फिरला, की ताडकन उठतात. "मोटार चालू करा! पाणी सोडा!" मग धोतर खोचून दाराकडे.

शेवटी मुलानंच तोड काढली. लाईट आली की मी त्याला फोन लावायचा आणि त्यानं तिकडून सांगायचं, "तात्या, मोटार चालू केली. हरभऱ्याला पाणी सोडलंय." तात्या बसायचे. हिवाळाभर छान चाललं.

पोरगा सवयीनं तेच बोलत राहिला. जून लागला तरी तेच. एक दिवस तात्यांनी फोन कानापासून लांब धरला, त्याच्याकडे बघितलं, पुन्हा कानाला लावला.

"जूनमंदी हरभरा? डोकं ठिकाणावर हाय का तुजं?"

मग फोन माझ्या हातात देऊन हळूच म्हणाले, "ताई, ह्यालाबी इथंच आणून बसवा."

*

आता अव्वांचं सांगते. पुढचं सगळं त्यांचंच आहे.

अव्वा लातूरच्या कापड दुकानदाराच्या घरच्या. गळ्यात लिंगाची चांदीची डबी, कपाळावर विभूती, ठेवण एकदम ठसठशीत. नवरा गेल्यावर मुलानं दुकान नांदेडला आणलं, तेव्हा त्याही आल्या. मुलाचं नाव महादेव, लहानपणी घरात मादू. बाजारात त्यांना महादेवशेठ म्हणतात. सून सविता. पहिल्या दिवशी दोघंही सोडायला आले होते, आणि दोघांचेही डोळे जागरणानं तांबारलेले होते.

सविताताईंनी मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. अव्वा वर्षभरात बोलायच्याच बंद झाल्या होत्या. बोलल्या तर अर्थ नसलेली बडबड. नीट जेवत नाहीत, पाणी पीत नाहीत. अंगातलं पाणी कमी झालं म्हणून दोनदा सलाईन लावून झालं होतं. मुलाला त्या ओळखत नव्हत्या, दुकानातला माणूस समजायच्या. लातूरला अशा माणसांना कायमचं ठेवून घेणारी एक संस्था होती. तिथं खोली सांगून ठेवली होती.

"महिनाभर तुमच्याकडे बघतो," महादेवशेठ मॅडमना म्हणाले. "खाल्लं-प्यायलं तर इथंच येऊ दे. नाहीतर लातूर. माझ्याच्यानं आईला पुन्हा सलाईनवर बघवत नाही."

अव्वांच्या पदराला चहा लागला होता, सविताताई तो पुसत राहिल्या.

*

अव्वांचा पहिला शब्द आम्ही ऐकला तो "नीरू". सकाळी नीरू, दुपारी नीरू. कधी हाक मारल्यासारखा, कधी रडवेला.

ही नीरू कोण? महादेवशेठनी सगळ्या नात्यात फोन केले. मुलगी नाही, बहीण नाही, नणंद नाही. शेवटी एका मावशींना आठवलं, लातूरच्या गल्लीत समोर एक निर्मला राहायची, अव्वांची मैत्रीण. झालं! निर्मलाच ती.

निर्मलामावशींना लातूरहून गाडी करून आणलं. सत्तरीच्या बाई, गुडघे दुखत असताना आल्या. येताना चिवडा आणला. अव्वांच्या समोर बसल्या. अव्वांनी त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "नीरू."

निर्मलामावशींच्या डोळ्यांना धार लागली. सविताताई रडल्या, मॅडम रडल्या, मीही पदर लावला डोळ्यांना. अव्वांनी मावशींच्या हातातली पाण्याची बाटली दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"बघा," मावशी हुंदके देत म्हणाल्या, "माझी बाटलीसुद्धा सोडत नाही हो!"

मग पाणी फ्रीजमधलं होतं, घसा धरेल म्हणून त्यांनी ती हळूच सोडवून पिशवीत ठेवली.

*

अव्वा आल्या त्याच्या आदल्याच दिवशी कंडक्टरकाकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि ते घरी होते. व्यायाम बंद पडला. टण टण कुणी करेना.

एक दिवस बाराच्या सुमाराला स्वयंपाकघरातून फोडणीचा वास आला आणि अव्वा मोठ्यानं म्हणाल्या, "उटा!"

तात्या उठले. बाकीचे उठले. अव्वा एकेकाकडे बघून विचारल्यासारखं "उटा? उटा?" करत होत्या आणि जो बसू बघेल तो पुन्हा उभा राहत होता. मॅडम खूश. म्हणाल्या, "काका नाहीत तर आजींनी बस चालवायला घेतली."

*

तिसरा शब्द पेढा. म्हणजे आम्हाला तो पेढाच वाटला. अव्वांच्या तोंडात दात नाहीत, शब्द नीट उमटत नाही. सविताताई दुपारी येऊन भाताचा घास पुढे करायच्या की अव्वा मान हलवून "पेढा, पेढा" म्हणायच्या.

सविताताईंनी पेढे आणले. शुगर असूनही, डॉक्टरांना विचारून, अर्धा-अर्धा. पेढा पुढे केला की अव्वा तो हातानं ढकलायच्या आणि पुन्हा म्हणायच्या, "पेढा." दुसरं दुकान, दुसरा पेढा. तोही ढकलायच्या.

"मागायचं बी आन् ढकलायचं बी," सविताताई एकदा थकून म्हणाल्या. "ताई, सगळं आयुष्य मी ह्यांच्या मनातलं ओळखत आले. आता बोलून राहिल्यात तरी ओळखू येईना."

आणलेले पेढे तात्या खायचे. रोज विचारायचे, कुणाचं लग्न ठरलं?

*

चौथा शब्द सांगायला मला जड जातं. "बा."

संध्याकाळी सविताताई अव्वांना न्यायला यायच्या. अव्वा खुर्चीतून दोन्ही हात पुढे करून म्हणायच्या, "बा. बा."

आपल्याकडे बा म्हणजे बाप. अव्वांना माहेर आठवतं, वडील आठवतात, असंच आम्ही धरून चाललो. खोटं बोलू नये, समजावून सांगावं, असं सविताताईंना कुणीतरी सांगितलं होतं. त्या जवळ जाऊन मोठ्यानं म्हणायच्या, "अव्वा, तुमचे बा वारले. लई दिवस झाले. वारले ते."

तेवढं मराठी अव्वांना कळायचं. चेहरा पडायचा. कुणीतरी गेलं, एवढं त्यांना समजायचं. मग घरी जाईपर्यंत त्या डोळे पुसत राहायच्या. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा, "बा."

*

महिना संपत आला होता. अव्वांची कातडी चिमटीत धरली तर उभीच राहायची, इतकं पाणी कमी. मॅडमनी महादेवशेठना फोन करून खरं ते सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "मग लातूरला कळवतो."

त्याच दिवशी कंडक्टरकाका काळा चष्मा लावून परत आले. दाराजवळच्या त्यांच्या सीटवर बसले. शेजारी अव्वा होत्या.

अव्वा म्हणाल्या, "नीरू."

काकांनी मान वळवली नाही. खांद्याची पिशवी चाचपली, पाण्याची बाटली काढली, झाकण फिरवून अव्वांच्या हातात दिली आणि म्हणाले, "कुडी, अव्वा, कुडी."

अव्वा प्यायल्या. घटाघटा प्यायल्या. पाणी हनुवटीवरून पदरावर सांडत होतं आणि त्या थांबत नव्हत्या. माझ्या हातातली चहाची किटली तशीच राहिली.

"काका, त्यांना काय पाहिजे ते तुम्हाला कसं कळलं?"

"पाणी मागून राहिली की ती. नीरू म्हंजी पाणी. कानडी बाई हाय. बिदरच्या गाडीत निम्म्या अशाच बसत्यात." आणि मग माझ्यावर नाराज होऊन, "तुमचं तिकीट झालं का?"

मी मॅडमना हाक मारली. आम्ही दोघी काकांच्या समोर खाली बसलो आणि एकेक शब्द विचारत गेलो. काका कंटाळत उत्तरं देत होते.

उटा? उटा म्हंजी जेवण. म्हणजे अव्वा सगळ्यांना उठवत नव्हत्या, जेवण झालं का विचारत होत्या. जन्मभर घरात दुसऱ्यांना वाढलेली बाई.

पेढा? पेढा न्हाई, बेडा. बेडा म्हंजी नको.

आणि बा?

"बा म्हंजी ये," काका म्हणाले. "इकडं ये. जवळ ये."

*

संध्याकाळी दोघांनाही बोलावून घेतलं. महादेवशेठनी सांगितलं ते असं. अव्वांचं माहेर भालकीच्या बाजूचं, कर्नाटकातलं. लग्न होऊन लातूरला आल्या तेव्हा त्यांना मराठीचा एक शब्द येत नव्हता. सासूनं पहिल्याच आठवड्यात बजावलं, गिऱ्हाईक मराठी आहे, ह्या घरात मराठीच बोलायचं. अव्वांनी मराठी इतकं घोटलं, की महादेवशेठना आईच्या तोंडून कानडी कधी ऐकलेलंच आठवत नव्हतं. माहेरचं एवढंच घरात उरलं होतं, की मुलं आईला अव्वा म्हणायची.

मी पुस्तकं वाचलेली बाई नाही, पण रोज बघून एक कळलंय. माणसाची आठवण पेटीसारखी असते. वर ठेवलेलं आधी निघून जातं, तळाचं शेवटपर्यंत राहतं. अव्वांच्या पेटीत मराठी वर होतं. ते गेलं आणि तळाला घडी घालून ठेवलेलं माहेरचं बोलणं तसंच नवं निघालं. आम्ही मात्र त्याला बडबड म्हणत होतो.

सविताताई अव्वांच्या पायाशी बसल्या होत्या. म्हणाल्या, "त्या मला जवळ बोलवत होत्या. आन् मी त्यांना रोज सुतक सांगत होते."

तात्यांनी खिशातून अर्धा पेढा काढून त्यांच्यापुढे धरला.

*

त्यानंतर अव्वा पाणी प्यायला लागल्या. जेवायलाही लागल्या, अर्थात कुणी नीट विचारलं तर. मॅडमनी भिंतीवर पाच-सहा शब्द मोठ्या अक्षरात लिहिले. काका रोज ते वाचायचे आणि म्हणायचे, "पाटी चुकलीय, बिदर लिवलंच न्हाई."

पण म्हणून सगळं सोपं झालं असं नाही. लातूरची खोली सांगून ठेवली होती ती होतीच. अव्वा घरी गॅस उघडा सोडायच्या, दार उघडून रस्त्यावर जायच्या. सविताताईंचं बीपी वाढलेलं. महादेवशेठ मॅडमना म्हणाले, "चार शब्द कळले म्हणून माणूस सांभाळता येतं का? ती मला ओळखतसुद्धा नाही." ह्यात खोटं काय होतं? ज्याच्या घरी आहे त्यालाच ठाऊक. आम्हाला संध्याकाळी घरी जाता येतं, त्यांना येत नाही.

शेवटी लातूरला न्यायचा दिवस ठरला. आदल्या दिवशी संध्याकाळी दोघं न्यायला आले. सविताताईंनी अव्वांच्या औषधांची पिशवी आमच्याकडून मागून घेतली. अव्वा दाराजवळ काकांच्या शेजारी बसल्या होत्या.

काकांनी पिशवी बघितली. "बाई कुठं चालल्या?"

"लातूरला," महादेवशेठ म्हणाले.

"लातूरची गाडी गेली."

महादेवशेठ थकलेलं हसले. "आमची स्वतःची गाडी आहे काका. वळवून आणतो." आणि ते निघाले.

"ओ पाव्हणं," काकांनी मागून आवाज दिला. "असं न सांगता जात्यात व्हय? आपल्यात 'जातो' म्हणत्यात का? 'येतो' म्हणत्यात. म्हातारीला सांगून जा. 'बर्तिनी' म्हणा. येतो."

महादेवशेठ उंबऱ्यात थांबले. आमच्या सगळ्यांच्या देखत त्यांना संकोच वाटला असेल. मोठा माणूस, पन्नाशी उलटलेला. खाली बघत, बोबडं बोलावं तसं म्हणाले, "अव्वा... बर्तिनी."

अव्वांनी मान वर केली. त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. मग हात थोडा उचलून, शाळेला जाणाऱ्या पोराला म्हणावं तसं म्हणाल्या, "होगि बा, मादू."

"जाऊन ये म्हणून राहिली," काका म्हणाले.

महादेवशेठ बाहेर गेले. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, पण गाडी वळून दाराशी येईना. सविताताई बघायला गेल्या आणि लगेच परत आल्या. म्हणाल्या, "राहू दे ताई. बसू दे त्यांना थोडा वेळ." मग खुर्ची ओढून अव्वांच्या शेजारी बसल्या. मी चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सविताताई अव्वांना नेहमीच्या वेळेला केंद्रावर सोडायला आल्या. दारातच त्यांना लातूरहून फोन आला, किती वाजता पोचताय म्हणून. त्या म्हणाल्या, "लातूरची गाडी गेली," आणि फोन पर्समध्ये ठेवून औषधांची पिशवी माझ्या हातात दिली.